शेवटच्या पंगतीतला हवालदार

माझा बा शेवटी जेवायचा. घरात, लग्नात, सरकारी बैठकीत, कुठंही. माणसं किती का असेनात, सगळ्यांचे हात धुऊन झाले की मग हा पाणी मागणार आणि बसणार. आमच्याकडे बापाला बा म्हणतात आणि एकेरीत बोलतात. त्यात आदर तसूभरही कमी नसतो, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, जन्मभर शाळेत शिकवलं या बाईनं आणि बापाला अरे-तुरे करते.

मी आता नागपुरात, हुडकेश्वरला राहते. आमच्या लेआउटच्या टोकाला एक लॉन आहे, तिथं लग्नं होतात. परवा सुनेसोबत एका लग्नाला गेले होते. लोक हातात ताटं घेऊन रांगेत उभे. एका टेबलावर पाणीपुरी, दुसऱ्यावर चायनीज, तिसऱ्यावर वांग्याची भाजी बिचारी एकटीच. कोण आधी जेवलं, कोण मागून जेवलं, कोण कोणाच्या शेजारी उभं राहिलं, काही कळायला मार्ग नाही. सून म्हणाली, किती छान सोय आहे ना आई. सोय आहेच. मी तक्रार करत नाही. पण माझ्या लहानपणी कोण केव्हा आणि कुठं जेवायला बसलं यावर माणसाची किंमत ठरायची, आणि माझ्या बाचं सगळं राजकारण त्यावरच एकदा बुडायला आलं होतं.

आमचं गाव नरखेड तालुक्यात. मोठ्या लढाईच्या काळात भरती करणारे काटोलच्या बाजारात आले, तेव्हा बा कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेत मजुरी करत होता. छाती मोजली, दात पाहिले आणि नेला. गेला तेव्हा मिसरूड फुटत होतं, परत आला तेव्हा हवालदार होता. ब्रह्मदेशाच्या जंगलात होता, एवढंच आम्हाला माहीत. गोष्टी सांगायचा नाही. सोबत आणले ते काळे बूट, झुपकेदार मिशा आणि ताठ कणा. त्या कण्यावरून माय त्याची फार थट्टा करायची. "साऱ्या जपान्यायले भेव दाखवून आले," ती म्हणायची, "पण गावच्या विहिरीत गडवा बुडवाची सोय नाही."

ते खरंच होतं. इंग्रजांसाठी लढून आलेल्या हवालदाराला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं. मग काही वर्षांनी नागपुरात दीक्षा झाली. तेव्हा मी मायच्या कडेवर होते. मला त्यातलं काही आठवत नाही, पण मी तिथं होते याचा मला आजही अभिमान वाटतो. आम्ही बौद्ध झालो. वस्तीनं जुनी कामं सोडली. आणि पंगतीतलं शेवटचं जेवणही सोडलं. ते काय होतं, हे आताच्या मुलांना सांगावं लागतं. गावात लग्न असलं की साऱ्या गावाच्या पंगती उठायच्या, उष्ट्या पत्रावळ्या उचलल्या जायच्या आणि मग आमच्या लोकांना हाक यायची. मांडवाच्या बाहेर, मातीत, जे उरलं असेल ते. दीक्षेनंतर वस्तीतल्या पोरांनी ठरवलं की आता कोणी जायचं नाही. जाऊ तर सगळ्यांसोबत बसू, नाहीतर घरची भाकर बरी.

बा राजकारणात कसा आला, हे त्यालाही नीट सांगता येत नसे. आधी ग्रामपंचायतीचा मेंबर झाला, मग सरपंच, मग पंचायत समितीचा सभापती. मला वाटतं, लोक त्याच्या उभं राहण्यालाच भीत. नागपूरला कुठल्याही कचेरीत गेला की साहेबाच्या टेबलासमोर टाच जुळवून सावधान उभा राहायचा आणि म्हणायचा, "साहेब, गावात प्यायला पाणी नाही." साहेब म्हणायचा, बसा. हा म्हणायचा, "काम झाल्यावर बसतो." आणि उभाच. हात बाजूला, नजर समोर, पापणी हलत नाही. साहेब फाइल चाळायचा, चहा मागवायचा, फोन करायचा. समोर हा माणूस देवळातल्या खांबासारखा उभा. शेवटी त्याला बसवण्यासाठी तरी सही करायचा. मी दोनदा हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मला तेव्हा वाटायचं, माझ्या बाहून मोठा माणूस जगात नसेल. अजूनही फारसं वेगळं वाटत नाही.

आठवीपासून मी नागपूरला मुलींच्या वसतिगृहात होते. बा जिल्ह्याच्या कामाला आला की मला भेटायला यायचा. वसतिगृहाच्या बाई त्याला आग्रहानं मेसमध्ये न्यायच्या, आधी जेवून घ्या म्हणायच्या. हा भिंतीला पाठ लावून उभा. पोरी जेवल्याशिवाय जेवणार नाही. मिशीवाला माणूस समोर उभा राहून आपल्या ताटात वरण आलं की नाही ते पाहतो आहे म्हटल्यावर कोणत्या पोरीच्या घशाखाली घास उतरेल! मैत्रिणी मला चिमटे काढायच्या, "जेव ना लवकर, तुझ्या बाबांना भूक लागली असेल." मी लाजेनं अर्धी व्हायचे, आणि आतून फुलायचेही. कारण स्वयंपाकाच्या बाया त्या दिवशी वरण घट्ट करायच्या.

हे सगळं कौतुकाचं होतं, एका लग्नापर्यंत.

गावच्या पाटलांच्या पुतणीचं लग्न होतं. बा सभापती झालेला, त्यामुळे पाटील स्वतः वस्तीत अक्षता घेऊन आले. पाटील तसे सरळ माणूस, बाच्याच वयाचे. दारात उभे राहून म्हणाले, "सभापती, पहिल्या पंगतीले तुमी पाह्यजे." मायनं चहा केला. पाटील म्हणाले, आत्ताच घेऊन आलो. पाटील आमच्याकडे नेहमीच आत्ताच चहा घेऊन आलेले असत. ते गेल्यावर माय तो चहा स्वतः प्यायची आणि म्हणायची, "पाटलाचा चहा पिऊन पिऊन मीच पाटलीन होते आता."

पहिल्या पंगतीचं बोलावणं म्हणजे केवढी गोष्ट! वस्तीत चार दिवस तोच विषय. मी सुट्टीत घरी आले होते. नवं पोलकं घालून मायसोबत गेले. आम्ही दोघी बायांच्या ओळीत बसलो, हेही पहिल्यांदाच घडत होतं. आणि बा? बा मांडवाच्या खांबाजवळ हात मागे बांधून उभा. पाटील बोलवायला आले, पाटलांचे मोठे भाऊ आले, हा म्हणाला, "माणसं जेवू द्या." पहिली पंगत उठली, दुसरी उठली, तिसरी उठली. मग कुठं तो जाऊन बसला.

मी हात धुवायला गेले तेव्हा पाणी देणारी एक बाई दुसरीला सांगत होती. आवाजात कौतुक होतं, तेच मला लागलं. "सभापती झाला, जीपगाडीत हिंडते, पण आपली पायरी नाही विसरला हो. शेवटीच बसला."

माझ्या हातावरचं पाणी तसंच राहिलं. शिवी दिली असती तर मी उलटून दिली असती. या कौतुकाला काय देणार? माझा जीव जळून गेला. घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि घरी आल्यावर सगळं बोलले.

"काहून उभा राहिला गा बा तू? त्यायनं बोलावलं होतं ना! मंग काहून नाही बसला?"

बा बूट पुसत होता. "माणसं जेवाची होती."

"ते काय तुही माणसं होती?"

"सभापती कोणाचा आहो मी? वस्तीचाच का?" असं म्हणून त्यानं बूट खाली ठेवला. आणि मग, कधी नाही ते, जंगलातलं थोडं बोलला. "पल्टनीत साऱ्यायचं एकच पातेलं होतं. माह्या हाताखाली जितके होते तितक्यायचं झालं की मंग मी. हवालदार आधी जेवला तं माणसं त्याच्या मागं येत नाही. ज्याच्या हाती माणसं, तो शेवटी जेवते."

"तिथं तू हवालदार होता," मी म्हटलं. "इथं ते लोक काय म्हणतात, तुले माईत आहे?"

"माईत आहे," तो म्हणाला आणि पुन्हा बूट घेतला.

माहीत आहे आणि तरी! मला ते काही केल्या पचेना. नागपूरला परत जाताना एसटीत बसवायला तो काटोलपर्यंत आला, मी खिडकीतून मान वळवली नाही.

पण माझा राग एका पोरीचा. वस्तीचा राग फार मोठा होता. ज्या लोकांनी शेवटचं जेवण सोडण्यासाठी मार खाल्ला होता, त्यांचाच पुढारी साऱ्या गावासमोर शेवटी जेवला. माझा एक चुलतभाऊ होता, तापट, शिकलेला, नागपुरातून नुकतीच पदवी घेऊन आलेला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना तो दहा-बारा पोरं घेऊन आमच्या अंगणात आला. जिल्हा परिषदेची निवडणूक जवळ येत होती आणि बा उभा राहणार होता. निवडणुकीच्या आधी पाटलांच्या स्वतःच्या मुलीचं लग्न होतं, सारा तालुका जमणार होता.

"काका, साफ सांगतो," चुलतभाऊ म्हणाला. "तुमचं फौजेतलं फौजेत. इथं शेवटी जेवणं म्हणजे काय असते ते तुमच्या बापाले इचारा. या लग्नात पहिल्या पंगतीत बसा. नाही बसले, तं वस्तीतलं एक मत तुमाले नाही. आमी दुसरा माणूस उभा करू."

वस्ती मागं नसली तर बा कोणाच्या जोरावर उभा राहणार? गावानं त्याला आपला मानला नव्हताच, वस्तीनंही सोडला असता तर तो कुठलाच राहिला नसता. बा उठून उभा राहिला. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "बसतो," म्हणाला. बस, एवढंच. पोरं खूश होऊन गेली. मीसुद्धा. माय मात्र चुलीशी पुटपुटली, "हुकूम ऐकाची सवय जात नाही मानसाची."

पाटलांच्या मुलीचं लग्न म्हणजे केवढा मांडव! संत्र्याच्या बागेला लागून मोकळं वावर होतं, तिथं टाकला होता. नवरदेवाकडची मंडळी वर्ध्याकडची, बडी. बा आम्हाला घेऊन निघाला, बूट आरशासारखे करून. चुलतभाऊ आणि त्याची पोरं आधीच येऊन मांडवाच्या कडेला उभी होती. बा बसला की आम्ही बसू, असं त्यांनी ठरवलं होतं.

पंगत मांडली गेली. जमिनीवर पट्ट्या, समोर पत्रावळ्या. आम्ही दोघी बायांच्या ओळीत, टोकाला दाखवलेल्या जागी बसलो. पाटलांचे मेहुणे हसत हसत बाजवळ आले आणि म्हणाले, "सभापती साहेब, तुमाले खाली नाही बसवाचं. तुमच्यासाठी खास." आणि घराच्या ओसरीकडे हात केला. तिथं एक टेबल होतं. पांढरी चादर, वर स्टीलचं ताट, वाट्या, पेला. एक खुर्ची.

मांडवाच्या कडेला पोरांत एकदम चैतन्य आलं. कोणीतरी टाळी वाजवली. साऱ्या गावाचे थोर लोक मातीवर मांडी घालून आणि आमचा सभापती वर खुर्चीवर! चुलतभावानं माझ्याकडे पाहून मान उडवली. माझा ऊर भरून आला. मी मायला कोपर मारलं, "पाह्य वं माय, पाटलाच्या भावाहून उंच बसला बा."

माय तिकडेच पाहत होती. हळूच म्हणाली, "मंग ते ताट आपल्याले घरी देतात, का इथंच फेकून देतात?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग मी पुन्हा पाहिलं. टेबलाच्या आजूबाजूला चार-चार हात कोणी नव्हतं. त्या टेबलासाठी वाढायला वेगळा माणूस होता आणि त्याच्याजवळ वेगळी भांडी होती, छोटी, बाजूला काढून ठेवलेली. मांडवातल्या बादल्या तिकडे जाणारच नव्हत्या. तो माणूस डाव उंच धरून वरूनच वरण सोडत होता. पूर्वी मांडवाच्या बाहेर मातीत जे व्हायचं, तेच आता चादर घालून ओसरीवर होत होतं, आणि आमची पोरं टाळ्या वाजवत होती.

बा खुर्चीवर बसला होता. दिलेला शब्द पाळला होता. त्यानं ताटाकडे पाहिलं, मग त्या छोट्या भांड्यांकडे, मग खाली पंगतीकडे. पंगतीत वाढून होत आलं होतं, वरण तेवढं यायचं राहिलं होतं. आणि बा वाकला आणि बुटाच्या नाड्या सोडू लागला.

लष्करी बूट ते, त्याच्या नाड्या काय सहज सुटतात! एकेक भोक करत तो सोडत होता. सारा मांडव पाहत राहिला. त्यानं दोन्ही बूट काढले, मोजे आत खोचले, बूट खुर्चीखाली जोडीनं लावले. ओसरीच्या कोपऱ्यातल्या बादलीतून पायांवर पाणी घेतलं. मग पायऱ्या उतरून मांडवात आला आणि एका वाढप्याच्या हातातून वरणाची बादली काढून घेतली. वाढप्यानं ती दिली कशी, हे त्या माणसालाही नंतर सांगता आलं नाही.

पंगतीत वाढणाऱ्याच्या पायांत काही नसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून बूट निघाले तेव्हाच जाणत्यांना कळलं असणार. मांडवातला गलका ओसरत गेला. शेवटी फक्त कुठं तरी एक लहान मूल रडत होतं.

ओळीत पहिले होते नवरदेवाचे वडील. त्यांना बा कोण हे ठाऊक नव्हतं. घरचाच कोणी मोठा माणूस वाढतो आहे असं वाटून त्यांनी मानानं द्रोण पुढं केला. बानं वरण वाढलं. "घ्या," म्हणाला. व्याह्यांनी भातावर ओतून कालवलं आणि घास घेतलाही. दुसरे होते पाटलांचे थोरले बंधू, घराण्याचे कर्ते. बा त्यांच्यासमोर आला. थोरल्यांनी दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरले.

पंगतीत नको असलं की असाच हात धरतात. पोट भरलं, पुरे झालं, याचीही तीच खूण. पण थोरल्यांनी अजून एकही घास घेतला नव्हता.

बा पुढं सरकला असता तर प्रश्न मिटला असता. तो सरकला नाही. बादली डाव्या हातात, डाव उजव्या हातात, टाचा जुळलेल्या, नजर समोर. नागपूरच्या कचेरीत उभा राहायचा तसाच. मायनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

व्याह्यांनी वळून विचारलं, "काय झालं हो? वरण नाही घेत?"

आता थोरल्यांनी कारण सांगायचं तर व्याह्यांच्या तोंडात त्याच हातचं वरण होतं. आणि कारण न सांगावं तर हात धरून बसायला निमित्त उरत नव्हतं. हे सगळं बानं आधी मोजलं होतं का? पुढं मी त्याला कितीदा तरी विचारलं. तो म्हणायचा, "मी वरण वाढून राहिलो होतो." मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या क्षणी मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस खरोखर लढाईत होता.

शेवटी बोलले ते पाटील, नवरीचे वडील. ते उपरणं खांद्यावर घेऊन मांडवात उभे होते. चेहरा घामानं भिजलेला. मुलीचं लग्न त्यांचं होतं, व्याही त्यांचे, भाऊही त्यांचा. ते भावाजवळ आले, वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दादा, हात काढा. वरण घ्या."

थोरल्यांनी आधी एक हात काढला. मग दुसरा. बानं वरण वाढलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "अजून पाह्यजे?"

मग तो पुढं निघाला. पत्रावळीमागून पत्रावळ. ओळीतला एक माणूस उठला, न जेवता हात झटकत मांडवाबाहेर गेला. बाकी कोणी उठलं नाही. काहींनी माना खाली घातल्या होत्या, काही जण हसत होते, एक म्हातारा तर म्हणाला, "पातळ वाढा गा, दात नाही मले." बानं वरचं पातळ वरण काढून त्याला दिलं. आमची सावली ताटावर पडली तर लोक अन्न टाकून उठायचे, असं मायनं सांगितलेलं. आणि इथं माझा बा भर दुपारी, अनवाणी, त्यांच्या ताटांवर वाकून विचारत होता, भात आला का, भाजी आली का. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

ओळीच्या टोकाला आल्यावर त्याला कडेला उभी पोरं दिसली. त्यानं चुलतभावाला बोटानं बोलावलं. "भात घे."

चुलतभाऊ पुढं झाला.

"बूट काढ आधी."

पदवीधर माणूस एका पायावर लंगडत बूट काढू लागला. मग एकेक करून सगळी पोरं आली. कोणी भात घेतला, कोणी पोळ्या, कोणी बुंदी. आमच्या बायांच्या ओळीत चुलतभाऊच भात घेऊन आला. ज्या बाईनं मागच्या लग्नात पायरीचं कौतुक केलं होतं, ती माझ्यापासून चार पत्रावळ्या सोडून बसली होती. तिनं भात घेतला. मी पोटभर जेवले. तशी भूक मला पुन्हा कधी लागली नाही.

लोक विचारतात, निवडणुकीत काय झालं? बा निवडून आला. वस्तीचं एकही मत फुटलं नाही. पंगतीतून उठून गेलेल्या माणसानं गावोगाव फिरून विरोधात प्रचार केला, त्याला जितकी मतं फिरवता आली तितकी त्यानं फिरवली. पाटील पुढंही आमच्याकडे आले की आत्ताच चहा घेऊन आलेले असत, ते काही शेवटपर्यंत बदललं नाही. माणूस एका दुपारी जेवढा पुढं येतो, तेवढाच येतो. मी त्यांना दोष देत नाही. त्या दिवशी ते जे बोलले ते बोलायला काय लागलं असेल, ते मी पाहिलं आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाच्या शेवटाचं.

पंगतीमागून पंगती उठत गेल्या. ऊन कललं. आमची पोरं वाढून वाढून घामाघूम झाली होती. वऱ्हाडी जानवशाला, आपल्या मुक्कामाच्या घरी, गेले, गाव पांगलं. मांडवात उरले ते पाटील, त्यांची दोन मुलं, भाऊबंदांतले काही, आचारी आणि आमचे लोक. लग्नघरात शेवटची पंगत कोणाची असते? घरच्यांची. पाहुणा आधी जेवतो, घरधनी शेवटी. हे मला जन्मापासून माहीत होतं आणि तरी बाला खांबाजवळ उभा पाहिला तेव्हा सुचलं नव्हतं. गावालाही सुचलं नव्हतं. वस्तीलाही.

पाटील बाजवळ आले. "चला हवालदार," ते म्हणाले. सभापती म्हणाले नाहीत. "आपली पंगत राहिली."

जमिनीवर पट्टी टाकली गेली. पाटील बसले आणि त्यांच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल इतका जवळ, बा बसला. पाटलांच्या पलीकडे आमची पोरं, मग आचारी. पाटलीण बाई पदर खोचून स्वतः वाढायला निघाल्या, त्याच बादलीतून, त्याच डावानं. ओसरीवरचं ताट तसंच पडलं होतं, त्यावर माशा बसत होत्या.

मी दुपारीच जेवले होते. पोटात जागा नव्हती. तरी मी उठले, पट्टीवर गेले आणि बाच्या दुसऱ्या बाजूला, अगदी टोकाला बसले. कोणी काही विचारलं नाही. पाटलीण बाईंनी माझ्यासमोर पत्रावळ टाकली, वाढत गेल्या. बुंदी पलीकडच्या टोकाकडून बापर्यंत आली आणि परात रिकामी झाली. बानं ओळीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग माझ्या पत्रावळीकडे पाहिलं, आपल्यासमोरची सगळी बुंदी उचलून माझ्याकडे सरकवली, आणि मी तोंडात टाकेपर्यंत थांबून राहिला. मी खाल्ली. मग त्यानं पहिला घास घेतला.